"अगं, पण स्मारक कुठंय?": बेअर्स इअर्स आणि केवढी जागा पुरे हा वाद

 

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलताना जिथं जिथं मी "म्हणजे ना" म्हणून अडखळले, ते काढून टाकलंय. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

तर झालं असं, की माझी आत्या कराडहून आमच्याकडं डेन्व्हरला आली होती. ग्रँड कॅन्यन तिचं आधीच्या फेरीत झालेलं. लास व्हेगासहून बस, दोन तास कड्यावर उभं राहायचं, फोटो, परत बस. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आई-बाबांनी हीच ट्रिप केली असेल. म्हणून या वेळी म्हटलं, आत्याला जरा आडबाजूला नेऊ. दक्षिण युटा. लाल दगड, खोल दऱ्या, आणि मैलोन् मैल माणूस नाही.

ब्लँडिंग नावाचं छोटं गाव सोडलं, पश्चिमेला हायवे ९५ धरला, आणि थोड्या वेळानं पाटी आली: बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंट. आत्यानं ती वाचली. चष्मा पुसला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. अर्धा तास गाडी चालल्यावर म्हणाली, "अगं, पण स्मारक कुठंय?"

मी म्हटलं, "आत्या, हेच. आपण त्याच्या आतून चाललोय."

"हे? हा तर माळ आहे."

मला हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की आत्यानं नेमका तोच प्रश्न विचारलाय, ज्यावर अमेरिकेत शंभरहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. स्मारक म्हणजे नक्की काय, आणि ते कुठं संपतं?

आपल्याकडं स्मारक म्हटलं की डोळ्यांपुढं काहीतरी बांधलेलं येतं. किल्ला, लेणं, समाधी, पुतळा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगी घेऊन. म्हणजे वस्तू मधे, आणि भोवती एक कडं. अमेरिकेत "नॅशनल मॉन्युमेंट" हा शब्द जमिनीला लागतो. बेअर्स इअर्स २०१६ मध्ये जाहीर झालं तेव्हा साडेतेरा लाख एकरांचं होतं. एकर आपल्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून सांगते: गोव्याच्या जवळजवळ दीडपट.

एक गोष्ट सुरुवातीलाच साफ करते, कारण या वादात दोन्ही बाजू इथं गोंधळ घालतात. ही जमीन आधीपासूनच केंद्र सरकारची आहे. अमेरिकेत साधारण ६४ कोटी एकर जमीन केंद्राच्या मालकीची आहे, देशाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्यातली बहुतेक पश्चिमेला. युटामध्ये तर दर तीन एकरांतले जवळजवळ दोन एकर केंद्राचे. राष्ट्राध्यक्ष जेव्हा एखादा भाग स्मारक म्हणून जाहीर करतात तेव्हा कुणाची जमीन काढून घेतली जात नाही, आणि ते स्मारक लहान करतात तेव्हा ती जमीन कुणाला विकलीही जात नाही. बदलतं ते एवढंच, की त्या जमिनीवर नव्यानं काय करता येईल. स्मारक झालं की नवे खाणींचे दावे आणि तेल-वायूचे नवे पट्टे बंद. जुने हक्क चालू राहतात. गुरं चारायचे परवाने या युटाच्या स्मारकांत तसेच राहिले. म्हणजे "वॉशिंग्टननं आमची जमीन बळकावली" ही एका बाजूची घोषणा खरी नाही. आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये पॅटागोनिया कंपनीनं आपल्या वेबसाइटवर काळ्या पडद्यावर "राष्ट्राध्यक्षांनी तुमची जमीन चोरली" असं लिहिलं होतं ना, तेही तसं खरं नाही. पोस्टर म्हणून ठीक आहे. आपण जरा नीट बघू.

हा सगळा अधिकार येतो कुठून? १९०६ च्या एका कायद्यातून. ॲंटिक्विटीज ॲक्ट. पानभराचाच कायदा आहे, पण त्याची जन्मकथा मस्त आहे.

१८९१ च्या उन्हाळ्यात गुस्टाफ नॉर्डेनशॉल्ड नावाचा तेवीस वर्षांचा एक तरुण स्वीडनहून कोलोरॅडोत आला. मेसा वर्दे म्हणून जागा आहे, कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरं, सात-आठशे वर्षांपूर्वीची. त्यानं तिथं खोदकाम केलं, आणि बऱ्यापैकी पद्धतशीर केलं, हे मान्य करायला पाहिजे. भांडी, विणलेल्या वस्तू, माणसांचे सांगाडेसुद्धा. सगळं पेट्यांत भरून दुरँगो स्टेशनवर आणलं. गावकरी भडकले, त्याला अटक झाली. आणि मग प्रश्न आला, कोणत्या कलमाखाली? कलमच नव्हतं! सोडावं लागलं. पेट्या गेल्या युरोपात आणि शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या. त्यातले वीस जणांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि मेसा वर्देत पुन्हा पुरल्या गेल्या. १८९१ ते २०२०. हिशोब तुम्हीच करा.

असे प्रकार पुढंही होत राहिले, आणि त्यातून एडगर ली ह्यूवेट या पुरातत्त्वज्ञानं मसुदा लिहिला, आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी तो मांडला, आणि ८ जून १९०६ ला थिओडोर रूझवेल्ट यांनी सही केली. कायदा सांगतो की केंद्राच्या जमिनीवरच्या ऐतिहासिक खुणा, जुन्या वास्तू आणि "ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या इतर वस्तू" राष्ट्राध्यक्ष नुसत्या घोषणेनं स्मारक करू शकतात. संसदेकडं जायची गरज नाही. फक्त एक अट. त्या वस्तूंची नीट निगा राखायला लागेल तेवढीच, कमीत कमी जागा घ्यायची.

आता या "कमीत कमी"वर सगळी लढाई आहे. आधीच्या मसुद्यांत ३२० एकर, ६४० एकर अशा मर्यादा होत्या. त्या गळल्या. सभागृहात टेक्सासच्या एका प्रतिनिधीनं विचारलं, की बाबा, जंगलांसारखी लाखो एकर जमीन यात अडकून पडणार नाही ना? लेसी म्हणाले, छे, हेतूच वेगळा आहे, जुने अवशेष जपायचेत. आज जे लोक मोठ्या स्मारकांना विरोध करतात ते हे उत्तर पुढं करतात, आणि त्यात तथ्य आहे. मला स्वतःला मोठी स्मारकं आवडतात, तरी हे मी झाकून ठेवणार नाही.

कारण लेसींच्या त्या उत्तराला दोन वर्षं होत नाहीत तोच रूझवेल्ट यांनी काय केलं? पहिलं स्मारक छोटंच होतं, वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर, हजार-बाराशे एकर. पण १९०८ मध्ये त्यांनी ग्रँड कॅन्यन स्मारक म्हणून जाहीर केलं. आठ लाख एकर. "वस्तू"! आख्खी दरी ही एक वस्तू!

तिथं राल्फ कॅमेरॉन नावाचे एक गृहस्थ होते. कड्यावर आणि खाली जाणाऱ्या वाटेवर त्यांनी खाणींचे दावे लावून ठेवले होते. खनिज फारसं नव्हतंच. खरी कमाई वाटेच्या टोलची, ब्राइट एंजल ट्रेलवर उतरायचं तर माणशी एक डॉलर. त्यांनी कोर्टात हेच म्हटलं, की एवढी मोठी दरी स्मारक कशी होईल? १९२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, होते. दरी शास्त्रीय महत्त्वाची आहे, म्हणून ती वस्तू आहे. कॅमेरॉन हरले. आणि गंमत बघा, त्यानंतर लगेच ते ॲरिझोनाचे सिनेटर म्हणून निवडून आले. म्हणजे कोर्टात हरलेला मुद्दा मतपेटीत हरलेला नव्हता. पश्चिमेकडच्या राजकारणात हे नेहमी लक्षात ठेवावं लागतं.

तुमच्या आई-बाबांनी जिथं फोटो काढले तो कडा आज असा मोकळा आहे, त्यात या निकालाचा वाटा आहे. त्याआधीच, १९१९ मध्ये, संसदेनं त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं होतं. पश्चिमेतली बरीच मोठी उद्यानं आधी स्मारकं होती आणि तेव्हाही स्थानिकांचा त्यांना विरोध होता.

आता दुसरं टोक सांगते. डेव्हिल्स होल. नेवाडाच्या वाळवंटात जमिनीत एक भेग आहे, तळाशी कोमट पाणी. त्या पाण्यात एक इंचभर निळा मासा राहतो, जगात दुसरीकडं कुठंच नाही. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी तेवढी जागा डेथ व्हॅलीच्या स्मारकाला जोडली. चाळीस एकर. यापेक्षा "कमीत कमी" काय असणार? पण झालं काय, अडीच मैलांवरच्या एका रँचनं शेतीसाठी बोअर मारून पाणी उपसायला सुरुवात केली. भेगेतली पातळी उतरली. ज्या खडकावर मासे अंडी घालतात तो उघडा पडायला लागला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९७६ मध्ये एकमतानं निकाल आला, की उपसा मर्यादित ठेवा. चाळीस एकर जपायचे तर अडीच मैलांवरची मोटार बंद करावी लागली.

म्हणजे "वस्तू" जपायला केवढी जागा लागते, हे कागदावर रेघ मारून कळत नाही. हे डोक्यात ठेवून परत युटात येऊ.

युटातल्या लोकांचा राग कशाचा आहे? टीव्हीवर तो बहुधा कार्टूनसारखा दाखवतात, टोपीवाले काऊबॉय आणि मोठ्या गाड्या. पण रागाला कारणं आहेत.

१९९६ चा सप्टेंबर. निवडणूक दीड महिन्यावर. क्लिंटन यांनी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हे १७ लाख एकरांचं स्मारक जाहीर केलं. स्मारक युटात आणि घोषणेचा समारंभ कुठं? शेजारच्या ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर. युटाच्या नेत्यांना अगदी शेवटच्या घटकेपर्यंत नीट सांगितलंही नव्हतं. त्या जमिनीखाली कायपारोविट्स पठाराचा कोळसा होता, तिथं खाण येणार होती, नोकऱ्या येणार होत्या. खाण नको हे माझंही मत आहे. पण ज्या राज्यातली जमीन, त्या राज्यात जाऊन घोषणा करायचं धाडस नाही, ही गोष्ट लोक विसरत नाहीत. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "लग्न आमच्या घरचं आणि पत्रिका शेजारच्या गावात वाटली म्हणायची." हो, तसंच.

त्यात युटाला राज्य होताना शाळांसाठी मिळालेले जमिनीचे चौकोन. दर टाउनशिपमधले चार. त्यांचं उत्पन्न शाळांना जातं. स्मारक झालं की हे चौकोन बेटासारखे आत अडकतात. एस्कलांटेच्या वेळी १९९८ मध्ये संसदेनं अदलाबदल केली, युटाला दुसरीकडं जमीन आणि पाच कोटी डॉलर दिले. म्हणजे मार्ग निघतो. फक्त तो नंतर निघाला.

आणि बेअर्स इअर्सजवळच्या गावांत अजून एक जखम आहे. ब्लँडिंगच्या आसपास जुन्या थडग्यांतली भांडी उकरणं हा कित्येक पिढ्यांचा रविवारचा उद्योग होता. आजोबा नातवाला घेऊन जायचे. कायद्यानं गुन्हा, पण गावाच्या लेखी छंद. २००९ च्या जूनमध्ये केंद्राच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी धाडी घातल्या, वीसहून जास्त लोकांवर खटले भरले. त्यानंतर काहींनी जीव दिला. आजही त्या गावात वॉशिंग्टन म्हटलं की लोकांना ती सकाळ आठवते. चूक कुणाची हे मला माहीत आहे, कायदा स्पष्ट आहे. तरी हे न सांगता "स्थानिकांचा विरोध" एवढंच म्हणणं अर्धवट आहे.

हे लोक काल आलेले नाहीत. त्यांचे पूर्वज, मॉर्मन कुटुंबं, १८७९-८० च्या हिवाळ्यात साधारण अडीचशे माणसं, कड्यातली एक फट फोडून, दोर लावून, त्र्याऐंशी घोडागाड्या खाली उतरवून इथं पोचले आणि ब्लफ गाव वसवलं. त्यांच्या लेखी हीच वाडवडिलांची जमीन.

पण स्थानिक कोण, हा प्रश्न इथंच अडतो. सॅन वॉन काउंटीतली जवळजवळ निम्मी वस्ती मूळ अमेरिकन आहे, नावाहो आणि यूट. त्यांचे वाडवडील इथं होते तेव्हा घोडागाड्या सोडा, युटा हा शब्दही नकाशावर नव्हता. १८६० च्या दशकात नावाहो लोकांना सैन्यानं शेकडो मैल चालवत नेलं, त्या वेळी शरण न जाता लढत राहिलेला त्यांचा सरदार मान्युएलितो, त्याचा जन्म बेअर्स इअर्सजवळचा मानतात. होपी आणि झुनी लोक आज दूर राहतात, पण कड्यातल्या त्या घरांत राहणाऱ्यांचे ते वंशज. वेगवेगळ्या भाषांत या जोड-डोंगरांना नाव आहे आणि सगळ्यांत अर्थ एकच, अस्वलाचे कान. नावाहोत शाश जा.

या पाच जमातींनी, होपी, नावाहो, झुनी, यूट माउंटन यूट आणि युइंटा-उरे इथले यूट, २०१५ मध्ये एकत्र येऊन १९ लाख एकरांच्या स्मारकाची मागणी केली. यातल्या काहींची आपापसात जुनी भांडणं आहेत, तरी एकत्र आले. आधी त्यांनी युटाच्या खासदारांबरोबर बसून संसदेतून मार्ग निघतो का तेही पाहिलं. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून वर्षाच्या शेवटी बाहेर पडले. मग २८ डिसेंबर २०१६ ला ओबामा यांनी साडेतेरा लाख एकर जाहीर केले. मागितलं त्यापेक्षा कमी. घोषणेत औषधी वनस्पती आणि सरपण गोळा करायचा हक्क लिहिलेला, कारण सरपण बंद होणार ही तिथल्या नावाहो घरांतलीही भीती होती. आणि नावाहो समाजातलेच काही लोक, काउंटीच्या एक निवडून आलेल्या कमिशनर बाईसुद्धा, स्मारकाच्या विरोधात होत्या, हेही सांगायला हवं.

एस्कलांटे आणि बेअर्स इअर्समधला फरक माझ्या मते इथं आहे. पहिलं वरून आलं. दुसरं खालून मागितलं गेलं. वाद घालणारे दोन्हींना एका दावणीला बांधतात.

पुढचं तुम्हाला बातम्यांतून आठवत असेल. ४ डिसेंबर २०१७. ट्रम्प स्वतः सॉल्ट लेक सिटीत आले, क्लिंटन यांनी केलं नव्हतं ते केलं, आणि बेअर्स इअर्स ८५ टक्क्यांनी कापलं. उरले दोन लाख एकर. एस्कलांटे जवळजवळ निम्मं.

या कापलेल्या नकाशाकडं जरा बघा. मोठे तुकडे दोन. पण त्यातल्या एकाबरोबर, बाजूला, दोन ठिपके. मून हाउस आणि डॉल हाउस. ही कड्यातली दोन नामांकित जुनी घरं. सीडर मेसा हे पठार, जिथं अशी घरं, धान्याची कोठारं, खडकावरची चित्रं दर खोऱ्यात आहेत, ते बहुतेक सगळं वगळलं आणि ही दोन घरं तेवढी राखली. बाकीचं का नको? कारण त्या हिशोबात घर ही वस्तू आहे आणि पठार ही रिकामी जागा आहे.

आपली शंभर मीटरवाली कल्पना हीच आहे, नाही का? म्हणून मला त्यावर हसता येत नाही. माझ्याही डोक्यात सुरुवातीला तेच होतं.

पण हा सगळा टापू मिळून एक लाखाहून जास्त पुरातत्त्वीय जागा असाव्यात असं म्हणतात, आणि नीट पाहणी झालेली आहे ती दहावा हिस्साही नाही. जे मोजलंच नाही त्याभोवती कमीत कमी रेघ कशी मारणार? आणि होपी माणसाला विचारलं तर तो घराकडं बोट दाखवणार नाही. घर, त्याखालचा झरा, मक्याचं शेत, वरचं औषधी झुडूप, डोंगराचं ते टोक जिथून सूर्य वळतो, हे सगळं मिळून ती वस्तू. डेव्हिल्स होलच्या माशासारखंच. भेग जपायची तर पाणी जपायला लागतं.

कापाकापी खाणींसाठी होती का? एका युरेनियम कंपनीनं सीमा बदला म्हणून लेखी मागणी केली होती, हे खरं. ब्लँडिंगच्या दक्षिणेला देशातली एकमेव चालू युरेनियम गिरणी आहे आणि तिच्या पलीकडं व्हाइट मेसा ही यूट लोकांची वस्ती. शेजारच्या नावाहो प्रदेशात पाचशेहून जास्त बेवारस युरेनियम खाणी पडून आहेत, तेव्हा त्या लोकांना युरेनियमची भीती का वाटते ते समजण्यासारखं आहे. पण सीमा कमी झाल्यावर तिथं खाणवाल्यांची रांग लागली असं काही झालं नाही, हेही तितकंच खरं. एस्कलांटेतला कोळसाही जमिनीतच राहिला. बाजारभावच तसा नव्हता. भाव उद्या बदलू शकतो.

मधल्या काळात एक गोष्ट घडली जी बातम्यांत फार आली नाही. काउंटीचे मतदारसंघ कोर्टानं नव्यानं आखायला लावले होते, कारण जुने मूळ अमेरिकन मतदारांवर अन्याय करणारे होते. २०१८ मध्ये काउंटी कमिशनवर पहिल्यांदाच त्यांचं बहुमत आलं. २०१९ मध्ये त्याच काउंटीनं स्मारकाविरुद्धचे आपले जुने ठराव मागं घेतले. तीच काउंटी, तीच माणसं, फक्त मतदारसंघांच्या रेघा बदलल्या, आणि "स्थानिकांचं मत" उलटं झालं!

८ ऑक्टोबर २०२१ ला बायडेन यांनी दोन्ही स्मारकं पूर्ववत केली. २०२२ च्या जूनमध्ये पाच जमाती आणि केंद्राची दोन खाती यांच्यात एकत्र कारभाराचा करार झाला. लगेच युटानं दावा लावला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी तो फेटाळला, म्हणाले यात न्यायालयाला हात घालता येत नाही. अपील आमच्या डेन्व्हरमधल्या कोर्टात आलं.

आणि मूळ प्रश्न तसाच आहे. कायद्यात "जाहीर करू शकतात" असं आहे. "कमी करू शकतात" किंवा "रद्द करू शकतात" असं कुठं लिहिलेलं नाही. १९३८ मध्ये तेव्हाच्या ॲटर्नी जनरलनी सांगितलं होतं, राष्ट्राध्यक्षांना रद्द करता येत नाही. पण कमी केल्याची उदाहरणं त्याआधीची आहेत. १९१५ मध्ये विल्सन यांनी माउंट ऑलिंपस जवळजवळ अर्धं कापलं होतं. मग २०२५ च्या जूनमध्ये न्याय खात्यानं नवं मत जाहीर केलं: १९३८ चं चूक, राष्ट्राध्यक्ष स्मारक रद्दही करू शकतात. ते कॅलिफोर्नियातल्या दोन स्मारकांच्या निमित्तानं लिहिलंय, पण वाचणारे सगळे बेअर्स इअर्सचाच विचार करत होते. २०१७ च्या कपातीविरुद्ध पाच जमातींनी लावलेले खटले निकालाविना राहिले. त्यामुळं राष्ट्राध्यक्षांना कमी करायचा अधिकार आहे की नाही, यावर कोर्टानं थेट निकाल कधी दिलेलाच नाही. उलट बाजूनं, २०२१ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एका समुद्री स्मारकाच्या प्रकरणात लिहून ठेवलंय, की एवढा विस्तार "कमीत कमी" कसा, हे कधीतरी तपासायला हवं.

तुम्ही विचाराल, तुझं मत काय? मला वाटतं बेअर्स इअर्स मोठंच असायला हवं, साडेतेरा लाखांचं. पण दर चार-आठ वर्षांनी एका सहीनं फुगवायचं आणि एका सहीनं आवळायचं, यात सगळ्यांत जास्त कुणाचं नुकसान होत असेल तर तिथल्या जमिनीचं. वनरक्षक नेमायचे, वाटा आखायच्या, पाहणी करायची, ही कामं दहा-वीस वर्षांची असतात. संसदेनं कायदा करावा हा शहाणा सल्ला सगळेच देतात. संसदेनं करायचं ठरवलं तर करते, ग्रँड कॅन्यनचं केलंच. सध्याची संसद करेल असं मला दिसत नाही, आणि तोवर ही जमीन अशी सहीच्या टोकावर राहणार. आणि मोठी स्मारकं हवी असणाऱ्या आमच्यासारख्यांना एक अडचणीचा प्रश्न: उद्या कोर्टानं सांगितलं की एवढं मोठं करताच येत नाही, तर? नुसतं "ते वाईट लोक आहेत" म्हणून भागणार नाही. त्या "वस्तू" शब्दाचं उत्तर द्यावं लागेल.

आता आत्याचं राहिलंच. हायवे ९५ वरच्या म्यूल कॅन्यनच्या थांब्यापासून आम्ही थोडं आत चालत गेलो. आत्या मागं राहिली म्हणून वळून बघितलं, तर हातात खापरीचा तुकडा. पांढऱ्यावर काळ्या रेघा, अगदी नाजूक. म्हणाली, "आमच्या आगाशिवच्या लेण्यांजवळपण सापडतात गं लहानपणी. देवघरात ठेवीन." मी म्हटलं, आत्या, ठेव खाली, इथं गुन्हा आहे. "एवढ्याशा खापरीनं काय होतंय?" मी सांगितलं, की तो तुकडा कुठं पडलाय त्यावरून कळतं, इथं चूल होती का, पाणी इथून नेत होते का. उचलला की नुसती खापरी राहते. आत्या काही बोलली नाही. तुकडा ठेवला, मग दोन पावलं मागं आली, खाली बघितलं आणि म्हणाली, "नाही गं, इथं नव्हता. त्या दगडाच्या पलीकडं होता." आणि उचलून तिकडं नेऊन ठेवला.

कुणी जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा, उन्हाळ्यात जीव जातो. पाणी भरपूर न्या, फोनला रेंज नसते. मून हाउसला परवाना लागतो आणि रोज मोजक्याच लोकांना मिळतो, तेव्हा आधी काढा. भिंतींना टेकू नका.

काही चुकलं असेल, किंवा युटात राहणाऱ्या कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल, तर जरूर कळवा. आवाजात पाठवलंत तर पुढच्या भागात ऐकवीन. भेटू.